तुमचं बालपण, त्यांचा ससा

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत 'ईबे'वर लोकांनी पाणी विकायला काढलं. क्लोरीन मारलेलं, हजारो होड्यांखालून वाहिलेलं, बाटल्या-बरण्यांत भरलेलं पाणी. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली 'स्प्लॅश माउंटन' ही राईड २२ जानेवारीच्या रात्री शेवटची चालली आणि लगेच तिच्या पाण्याचा बाजार भरला. पाणी बाटलीत भरून घरी आणण्याची रीत आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. कुणाच्या देवघरात गंगेचं असतं, कुणाच्या कपाटात झमझमचं. म्हणून त्या बरण्यांना मी हसणार नाही. एखाद्या जागेवर माणसाचा जीव जडतो, ती जागा पाडली की त्याला पोरकं वाटतं, हे मला कळतं.

मला बोलायचंय ते त्या पोरकेपणाच्या नावाखाली जे जे बोललं गेलं त्याबद्दल. 'आमचं बालपण हिसकावलं', 'इतिहास पुसला', 'मूठभर रडूबाईंपुढे कंपनी झुकली'. हे मी गेली काही वर्षं वाचतोय, आणि त्यात आपले मराठी लोकही मागे नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना ही राईड माहीत नाही त्यांच्यासाठी. लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराची होडी, तिच्यात बसून पाण्याच्या पाटातून डोंगराच्या आत शिरायचं. आत कोल्हा, अस्वल, ससा, बेडूक, गिधाडं अशी बोलती-गाती यांत्रिक बाहुली. ससा घर सोडून निघतो, कोल्हा आणि अस्वल त्याच्या मागावर. शेवटी तो पकडला जातो. होडी चढणीवर जाते आणि सुमारे पन्नास फुटांवरून खाली काटेरी झुडपात कोसळते. १७ जुलै १९८९ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ती सुरू झाली, १९९२ मध्ये फ्लोरिडा आणि टोकियोत. तीस वर्षांत दोन पिढ्या तिच्यावर भिजल्या. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉईड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. त्याला बरोबर महिना झाला तेव्हा, २५ जूनला, डिस्नेने जाहीर केलं की अमेरिकेतल्या दोन्ही ठिकाणी स्प्लॅश माउंटन जाणार आणि तिथे 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या २००९ च्या चित्रपटावरची राईड येणार. त्या चित्रपटातली टियाना ही डिस्नेची पहिली काळी राजकन्या. कंपनीचं म्हणणं असं की काम आधीपासूनच चालू होतं. असेल. राईड बदला म्हणणाऱ्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या होत्या, वाचवा म्हणणाऱ्यांनीही केल्या, आणि मग जो कलगीतुरा सुरू झाला तो 'टियानाज् बायू ॲडव्हेंचर' जून २०२४ मध्ये फ्लोरिडात आणि नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात उघडल्यावरही थांबला नाही.

न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, "मामू, सगळ्यात पॉलिटिक्स आणलंय यांनी. ससा काय काळा-गोरा असतो?"

बरोबर आहे, बेटा. तिथूनच सुरू करू. ससा काळा-गोरा नसतो, पण गोष्ट कुणीतरी सांगितलेली असते.

ही राईड 'साँग ऑफ द साऊथ' या १९४६ च्या डिस्ने चित्रपटावर बेतलेली होती. चित्रपट जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराच्या पुस्तकांवर. हॅरिस किशोरवयात जॉर्जिया राज्यातल्या एका मळ्यावर छापखान्यात उमेदवारी करत होता. मळ्यावर गुलाम होते. त्यांच्या झोपड्यांत बसून त्याने सशाच्या गोष्टी ऐकल्या. पुढे अटलांटातल्या वर्तमानपत्रात तो त्या लिहू लागला आणि १८८० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. गोष्टी सांगायला त्याने एक म्हातारा काळा माणूस कल्पनेतून उभा केला, अंकल रीमस. प्रेमळ, हसतमुख, जुन्या मालकांबद्दल मनात अढी नसलेला. पुस्तकावर नाव हॅरिसचं, पैसे हॅरिसचे. ज्यांच्या तोंडून ऐकलं ते निनावी.

याच्या सात वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यातून 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यातल्या एका माळ्याला जे इतक्या लांबून दिसलं, ते त्याच अमेरिकेत एका उमद्या, गोड म्हाताऱ्याच्या आडून झाकायचं काम तेव्हा सुरू झालं होतं. मराठी माणूस या वादात परका नाही तो एवढ्यासाठी.

आता त्या गोष्टी बघा. कोल्हा डांबराचा बाहुला करून रस्त्यात बसवतो. ससा त्याला नमस्कार करतो, बाहुला उत्तर देत नाही. सशाला राग येतो, तो बुक्की मारतो, हात चिकटतो. दुसरा हात, पाय, डोकं, सगळं चिकटतं. ही गोष्ट आपल्याकडच्या जातककथांत जवळजवळ अशीच आहे: पंचायुध कुमार चिकट केसांच्या राक्षसाला हात-पाय-डोक्याने मारतो आणि पाची ठिकाणी चिकटतो. आफ्रिकेतही तिची कितीतरी रूपं सापडतात. गोष्टी अशाच फिरतात. पंचतंत्र पहलवीत गेलं, तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून आणलं, आणि मग ते अर्ध्या जगाचं झालं. गोष्ट घेतली म्हणून मी कुणाला चोर म्हणणार नाही. अल-मुकफ्फाने मात्र ती हिंदुस्थानातून आली हे लपवलं नाही, आणि तिथल्या लोकांना आपल्या सुखी नोकरांच्या रूपात रंगवलं नाही.

डांबरात अडकलेला ससा कोल्ह्याला म्हणतो, मला भाज, फाशी दे, बुडव, कातडी सोल, फक्त त्या काटेरी झुडपात टाकू नकोस. कोल्हा त्याला तिथेच फेकतो. ससा पलीकडून हसतो, कारण त्याचा जन्मच काट्यांतला. ही गोष्ट गुलामाने गुलामाला रात्री सांगितली आहे. मालकाच्या ताकदीपुढे टिकायचं तर त्याच्या क्रूरपणाचाच उपयोग कसा करायचा हा तिचा धडा. जिथे मालकाचा हात पोचत नाही, पोचला तर सोलून निघतो, ती काट्यांची जागा आपली. लहान पोरांना हसवत हसवत सांगितलेली इतकी धारदार गोष्ट मी फार थोडी वाचली आहे.

डिस्नेने या धारेचं काय केलं? चित्रपटात जॉनी नावाचा गोरा मुलगा मळ्यावरून पळून आपल्या वडिलांकडे अटलांटाला निघालेला असतो. अंकल रीमस त्याला सशाची गोष्ट सांगून माघारी वळवतो. तात्पर्य काय, तर संकटापासून पळून जाता येत नाही, घर सोडू नये. पुढे राईडमध्येही हेच: ससा घर सोडतो, फजिती होते, कानाला खडा लावून घरी परततो, सगळे प्राणी बोटीवर गातात. ज्या लोकांनी ही गोष्ट रचली त्यांच्यापैकी जे पळाले त्यांच्या मागे कुत्री सोडली जात. पकडले तर फटके. त्यांच्याच सशाच्या तोंडी 'पळू नये, घर ते घर' हे वाक्य घातलं आणि वर नाचरी चाल लावली. चाल इतकी गोड की तिला ऑस्कर मिळालं. ही गोष्ट कळल्यावरही ते गाणं माझ्या डोक्यातून जात नाही. चांगल्या चालीला ईमान नसतं.

चाहते म्हणतात, राईडमध्ये अंकल रीमस कुठे होता? गुलाम कुठे होते? आम्ही तर काहीच वाईट पाहिलं नाही.

पाहिलं नाही, कारण दिसणार नाही अशी व्यवस्था केली होती. रीमसला राईडमधून काढलं. डांबराच्या बाहुल्याच्या जागी मधमाश्यांचं पोळं आणलं, कारण तोवर तो शब्द काळ्यांसाठी शिवी म्हणून वापरला जात होता. कंपनीला १९८९ सालीच पक्कं ठाऊक होतं की ती काय विकते आहे. चित्रपट शेवटचा थिएटरात लागला १९८६ मध्ये. अमेरिकेत त्याची कॅसेट निघाली नाही, डीव्हीडी निघाली नाही, त्यांच्या स्ट्रीमिंगवरही तो नाही. मार्च २०२० मध्ये बॉब आयगर यांनी भागधारकांसमोर सांगितलं की सूचना लावूनसुद्धा तो आज दाखवणं योग्य नाही. म्हणजे सिनेमा कुलपात आणि त्याच सिनेमाचा डोंगर, गाणं, ससे-कोल्ह्यांची खेळणी तीस वर्षं गल्ल्यावर. इतिहास पुसण्याचं काम कुठे झालं असेल तर ते इथे झालं, आणि तेव्हा वाचवा-वाचवा म्हणायला ही मंडळी रस्त्यावर आली नव्हती. २०२० मध्ये तो पुसलेला इतिहास कुणीतरी पुन्हा मोठ्याने वाचला, तर यांना तो पुसल्यासारखा वाटला.

आक्षेप काही २०२० मध्ये उगवले असंही नाही. १९४६ मध्ये चित्रपट आला तेव्हाच एनएएसीपी या काळ्यांच्या संघटनेचे वॉल्टर व्हाईट यांनी म्हटलं होतं की कारागिरी चांगली आहे, पण यातून गुलामगिरीचं धोकादायक गोडवं चित्र उभं राहतं, मालक-गुलाम जणू गुण्यागोविंदाने नांदत होते असं. थिएटरांपुढे निदर्शनं झाली. १२ नोव्हेंबर १९४६ ला अटलांटात मोठ्या थाटात पहिला खेळ झाला, आणि रीमसची भूमिका करणारा जेम्स बॅस्केट तिथे नव्हता. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे शहरातल्या त्या समारंभात त्याला बरोबरीने वावरताच आलं नसतं. स्वतःच्या सिनेमाच्या जलशात नायक गैरहजर, कारण त्याची कातडी. १९४८ मध्ये त्याला मानद ऑस्कर दिलं, त्याच वर्षी तो वारला. 'त्या काळी कुणाला काही वाटत नव्हतं' हे वाक्य जो कुणी लिहितो त्याने आधी हे सांगावं की 'कुणाला' म्हणजे कुणाला.

आणखी एक नाव सांगतो. जोएल चँडलर हॅरिस जॉर्जियातल्या ईटनटन गावचा. त्याच गावात पुढे ॲलिस वॉकर जन्मली, 'द कलर पर्पल'ची लेखिका. तिच्या घरात या गोष्टी आईवडील सांगायचे, गोष्टी त्यांच्याच होत्या. मग गावच्या थिएटरात, काळ्यांसाठी वेगळ्या बसण्याच्या जागेतून, तिने हा सिनेमा पाहिला. ती नंतर लिहिते त्याचा मतितार्थ असा: हॅरिसने माझ्या वारशाचा एक मोठा तुकडा चोरला, कारण त्यानंतर मला माझ्याच गोष्टींची लाज वाटू लागली, आमच्या घरात त्या सांगणं बंद झालं. आता ठेवा हे बालपण त्या बरणीतल्या बालपणाशेजारी. एकाचं बालपण राईडचं नाव बदललं म्हणून गेलं असं तो म्हणतो. एकीचं बालपण त्या राईडच्या मुळाशी जो सिनेमा होता त्याने खरोखरच नेलं. पहिल्याला वाईट वाटलं हे मी मान्य केलंच आहे. पण दोन्ही तराजूत घालून सारखंच वजन आहे असं मला कुणी सांगू नये.

भाच्याचा यावर दुसरा प्रश्न तयार असतो: "एवढं खोलात गेलं तर काहीच उरणार नाही. मजा म्हणून बघा ना." हाच भाचा, त्याच्या मुलीला शाळेत 'अलादीन' दाखवणार म्हटल्यावर शिक्षिकेला पत्र लिहायला बसला होता. १९९२ च्या त्या डिस्नेपटात पहिल्याच गाण्यात अरबांच्या मुलखाचं वर्णन होतं की तोंड आवडलं नाही तर तिथे कान कापतात. अमेरिकेतल्या अरबांच्या संघटनेने तक्रार केली, १९९३ मध्ये घरगुती आवृत्तीत ती ओळ बदलली. तो मुलूख रानटी आहे हे विशेषण मात्र तसंच राहिलं, ते २०१९ च्या नव्या चित्रपटात गेलं. ओळ बदलली तेव्हा कुणाचं बालपण हिसकावलं गेलं का? आजही लोक अलादीन प्रेमाने बघतात. आम्हीही बघतो.

आणि आपण तरी मजेचं हे लफडं नव्याने शिकतोय का? मराठी रंगभूमीवर, सिनेमात, विनोदी कार्यक्रमांत मुसलमान आला की गोंड्याची टोपी, सुरमा आणि 'हम आया तुम गया' छापाचं मोडकं मराठी. कोल्हापूर, रत्नागिरी, लातूरच्या मुसलमानाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे मराठी बोललं जातं ते या विनोदाच्या कानावर कधी पडलेलंच नाही. म्हणून मला आजही चारचौघांत ऐकावं लागतं, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' बोलणारा प्रेमाने बोलतो. त्याने ते चित्र लहानपणी हसत हसत घेतलेलं असतं, आणि त्या हसण्याला हात लावला की तो दुखावतो. रीमसवर रागावलेल्या काळ्या बाईला मी न भेटता ओळखतो ते असं.

चाहत्यांचा सगळाच राग वंशवादी आहे असं म्हणणं खोटं होईल आणि सोयीचंही. डिस्नेच्या बागांत राईड बंद होण्याचं दुःख जुनं आहे. १९९८ मध्ये फ्लोरिडात 'मिस्टर टोड्स वाइल्ड राईड' बंद करून तिथे विनी द पूह आणलं, तेव्हा लोक हिरवे टी-शर्ट घालून शेवटच्या दिवसापर्यंत धरणं धरायला येत. २०१४ मध्ये नॉर्वेची 'मेलस्ट्रॉम' गेली, 'फ्रोझन' आलं, लोक चिडले. २०१७ मध्ये 'ग्रेट मूव्ही राईड' गेली. २०२५ च्या जुलैत मॅजिक किंग्डमची 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' ही नदी आणि तिच्यावरची चाकाची बोट बंद करून मोटारगाड्यांच्या सिनेमाला जागा दिली, लोक पुन्हा रडले. हे सगळे हळहळले, कंपनीला लोभी म्हणाले. बरोबरच म्हणाले. पण पूहच्या मागे काही अजेंडा आहे, अस्वलांनी आपली संस्कृती बळकावली, असं कुणी लिहिलं नव्हतं. बर्फाच्या राजकन्येने नॉर्वेचे दर्यावर्दी हाकलले तेव्हा तिला कुणी 'वोक' म्हटलं नाही. टियानाच्या वाट्याला ते आलं. दुःख तेच, पण या वेळी त्याच्या तोंडी शब्द वेगळे होते. ज्याला खरंच फक्त राईडचं दुःख होतं त्याने या शब्दांपासून लांब राहायला हवं होतं, आणि अनेक जण राहिले नाहीत.

आणि त्यात एक गंमत अशी की स्प्लॅश माउंटन स्वतः दुसऱ्याच्या थडग्यावर उभी होती. डिस्नेलँडमध्ये 'अमेरिका सिंग्ज' नावाचा गाणाऱ्या प्राण्यांचा खेळ १९७४ ते १९८८ चालला. तो बंद केला आणि त्यातलीच बरीचशी यांत्रिक बाहुली उचलून या डोंगरात बसवली. आज ज्या बदकां-बेडकांसाठी लोक हळहळतात ती आधीच एकदा बेघर होऊन आली होती. वॉल्ट डिस्नेचं म्हणणंच होतं की ही बाग कधी पूर्ण व्हायची नाही.

नव्या राईडवर चाहत्यांची जी तक्रार आहे ती मात्र मला पटते. तीत पुष्कळ जीव आहे. जुन्या राईडची गोष्ट सरळ आणि पक्की होती: पाठलाग, पकड, धमकी, उडी. त्या पन्नास फुटांच्या घसरणीला कारण होतं, ससा काट्यांत फेकला जातोय. नव्या राईडमध्ये टियाना मार्डी ग्राच्या मेजवानीसाठी वादक शोधत फिरते, आपण तिच्याबरोबर. मामा ओडी जादूने आपल्याला बेडकाएवढं करते आणि पुन्हा मोठं करते. बाहुली फार सुंदर आहेत, हालचाल माणसासारखी, संगीत न्यू ऑर्लिन्सचं अस्सल. पण खलनायक नाही, भीती नाही, आणि शेवटी आपण एवढ्या उंचावरून का पडतो ते धड कळत नाही. टियानाने मिठाच्या टेकडीवर कर्मचाऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था काढलेली आहे असं राईडबाहेरच्या सजावटीतून समजतं. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला इथे हसू येईल. आपल्याकडे सहकारी संस्थेवर राईड केली असती तर खलनायक शोधायला लांब जावं लागलं नसतं. त्यात सुरुवातीचे महिने ती सारखी बंद पडत होती.

इथे मला बदलाच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांशीही भांडायचंय. आपण जिंकलो असं त्यांना वाटतं. काय जिंकलं? 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग'मधली टियाना १९२० च्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्सची. त्या शहरात तेव्हा काळ्यांना ट्रामध्ये, शाळेत, हॉटेलात वेगळं बसवत. सिनेमात जागेचे दलाल तिच्या पार्श्वभूमीबद्दल एक खोचक शब्द बोलतात, बस्स. शिवाय पहिली काळी राजकन्या सिनेमाचा मोठा भाग बेडकी होऊन काढते. त्या टियानामागची एक प्रेरणा म्हणजे लीआ चेस, न्यू ऑर्लिन्सची खरी सुगरण. तिच्या 'डूकी चेज' हॉटेलात कायद्याने बंदी असताना काळे-गोरे एकत्र जेवायचे आणि नागरी हक्कांच्या चळवळीची खलबतं वरच्या मजल्यावर गंबोच्या वाडग्यांवर व्हायची. ती धगधगीत गोष्ट हाताशी असताना कंपनीने वादक शोधायला धाडलं. १९८९ मध्ये गुलामगिरी अदृश्य करून ससा विकला, २०२४ मध्ये वर्णभेद अदृश्य करून राजकन्या विकली. दोन्हीकडे गल्ला तोच.

आणि या सगळ्यात खरा बळी कोण, तर ससा. सुक्याबरोबर ओलं जळावं तसं झालं. रीमस हॅरिसचा होता, ससा नव्हता. गोऱ्या लेखकाने त्याला उचललं, सिनेमाने त्याचे दात पाडले, राईडने त्याला खेळणं केलं, आणि आता बदनाम सिनेमाचा भागीदार म्हणून त्यालाच हाकललं. काळ्या लेखकांनी तो परत मिळवायचा प्रयत्न केलेला आहे. ज्युलियस लेस्टर यांनी १९८७ मध्ये रीमसचं सोंग बाजूला ठेवून त्याच गोष्टी आपल्या आवाजात पुन्हा सांगितल्या. त्याही आधी झोरा नील हर्स्टन ही लेखिका मोटार घेऊन फ्लोरिडात गोष्टी गोळा करत फिरली आणि १९३५ मध्ये 'म्यूल्स अँड मेन' आलं. ती वाढली ईटनव्हिल गावात. (हॅरिसचं ईटनटन वेगळं, हे ईटनव्हिल वेगळं, माझाही गोंधळ व्हायचा.) १८८७ मध्ये काळ्यांनी स्वतः वसवलेलं, स्वतः चालवलेलं गाव. तिथल्या दुकानाच्या ओट्यावर बसून माणसं ससा-कोल्ह्याच्या, अस्वलाच्या, मालक आणि जॉनच्या थापा मारायची, आणि ही पोरगी कान देऊन ऐकायची.

हे ईटनव्हिल फ्लोरिडाच्या ऑरेंज काउंटीत आहे. डिस्नेचं मॅजिक किंग्डमही ऑरेंज काउंटीत आहे. ओकोई हे गावही त्याच काउंटीत, बागेच्या उत्तरेला, गाडीने फार लांब नाही. २ नोव्हेंबर १९२० ला तिथले काळे लोक मत द्यायला गेले म्हणून गोऱ्या जमावाने त्यांची घरं, चर्च जाळली, माणसं मारली, जुलाय पेरी या शेतकऱ्याला फासावर लटकवलं आणि उरलेल्यांना गावातून कायमचं हुसकावलं. पुढे कित्येक दशकं ओकोईत काळं माणूस राहत नव्हतं. ज्यांना इतिहास पुसला जाण्याची एवढी काळजी आहे त्यांनी या गावाचं नाव उच्चारलेलं मी त्यांच्या शेकडो नोंदींत एकदाही वाचलं नाही. ज्यांना न्यायाची काळजी आहे त्यांनीही फारसं नाही. आणि कंपनीला ससा खरंच परत करायचा असता, तर ज्या लोकांचा तो होता त्यांचा ओटा तिच्या दारापासून तासाभराच्या आत होता. तिथल्या गोष्ट सांगणाऱ्यांना बोलावून डोंगर त्यांच्या हवाली करता आला असता. काट्यांची उडी तशीच ठेवता आली असती, फक्त ती कुणाची उडी आहे ते सांगून. चाहत्यांना हवी ती पक्की गोष्ट मिळाली असती, आणि ससाही.

टोकियोत तो अजून आहे. जपानी बोलतो, रोज काट्यांत पडतो, पाणी उडतं. अमेरिकेतले चाहते आता पैसे साठवून तिकडे जातात आणि व्हिडिओ टाकतात की बघा, इथे अजून अक्कल शिल्लक आहे. भाच्याने तोही ग्रुपवर टाकला. डिसेंबरच्या सुट्टीत तो पोरांना घेऊन ऑरलँडोला जाणार आहे. मी त्याला ईटनव्हिलचा नकाशा पाठवला आहे. झोराच्या नावाचा उत्सव तिथे १९९० पासून होतो, पण तो जानेवारीत, म्हणजे याला सुट्टी संपल्यावर. मी लिहिलं, उत्सव नसला तरी जा, पोरांना घेऊन जा, आणि तिथे कुणी म्हातारं माणूस भेटलं तर त्याला सशाची गोष्ट येते का विचार.